हार्बिनला बर्फाचे फोटो काढायला जाताय? आधी नदीवर जा

पाणपोई

मंडळी, शांघायला येऊन मला सहा वर्षं झाली. दर हिवाळ्यात ऑफिसातलं कोणीतरी हार्बिनला जाऊन येतं आणि मग जेवणाच्या सुट्टीत फोटो फिरतात. निळे, जांभळे, गुलाबी दिवे लावलेले बर्फाचे किल्ले. ते बघून जावंसं मला कधी वाटलं नाही. मांडवातली रोषणाई आणि हे, यात फरकच दिसत नव्हता. या हिवाळ्यात मात्र दोनदा जाऊन आलो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकटा, आणि जानेवारीत आम्ही चौघं. आता वाटतं, इतकी वर्षं फुकट घालवली. इथे फोटोग्राफीची आवड असणारे बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

हार्बिन हे चीनच्या ईशान्य टोकाच्या हेलोंगच्यांग प्रांताचं मुख्य शहर. १८९८ मध्ये रशियनांनी इथून रेल्वे न्यायला सुरुवात केली आणि गाव वाढत गेलं. म्हणूनच भर वस्तीत सेंट सोफियाचं हिरव्या घुमटाचं चर्च दिसतं आणि बेकरीत उशीएवढे काळपट पाव मिळतात. शहराला लागून सोंगह्वा नदी वाहते. हिवाळ्यात ती इतकी गोठते की माणसं तिच्यावरून चालत पलीकडे जातात.

बर्फाच्या कंदिलांची इथली रीत जुनी आहे. बादलीत पाणी भरून रात्री बाहेर ठेवायचं. कडेने गोठलं की मधलं न गोठलेलं पाणी ओतून द्यायचं, आणि त्या पोकळीत मेणबत्ती लावायची. कोळी आणि शेतकरी हे वापरायचे. १९६३ मध्ये झाओलिन पार्कमध्ये अशा कंदिलांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ते बंद पडलं. १९८५ पासून ५ जानेवारीला उद्घाटन होणारा आताचा महोत्सव सुरू झाला. फोटोंमध्ये दिसते ती नदीपलीकडची भव्य बर्फनगरी १९९९ च्या हिवाळ्यापासूनची. २०२४-२५ च्या हंगामात तिचा पसारा १० लाख चौरस मीटर होता आणि त्यासाठी ३ लाख घनमीटर बर्फ आणि हिम वापरलं होतं. हा सगळा डोलारा दर वसंतात वितळतो आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा शून्यातून उभा राहतो.

आता मुद्द्याचं. हा बर्फ येतो कुठून? नदीतून. डिसेंबरमध्ये सोंगह्वावर बर्फकापणी चालते आणि मी पहिल्यांदा गेलो तो तीच बघायला. सकाळी साडेसातला काठावर पोचलो तेव्हा पारा उणे २२ वर होता आणि माणसं कधीच कामाला लागली होती. आधी यंत्राच्या करवतीने नदीवर चौकटी आखतात, पाटीवर रेघा ओढाव्यात तशा. करवत पूर्ण खालपर्यंत नेत नाहीत. मग चार-पाच जण एका रेघेवर ओळीने उभे राहतात, लांब पहारी त्या खाचेत घालतात आणि कोणीतरी आवाज दिला की एकदम रेटतात. आधी काच तडकल्यासारखा बारीक आवाज येतो, आणि त्याच्यामागून पायाखालून एक खोल ‘धुम्म’. लांबलचक पट्टी सुटून पाण्यावर हलायला लागते. तिचे तुकडे करायचे, आकड्यांनी ओढत काठाशी आणायचे, वर चढवायचे, ट्रकमध्ये भरायचे. दीड-दोन वीत जाडीच्या लाद्या. आपल्याकडे ऊस तोडायच्या वेळी फडात जी लगबग असते, तीच इथे बर्फाची.

तिथे एक गोष्ट दिसली आणि माझे पुढचे सगळे फोटो बदलले. नदीत आडवी असताना लादी काळपट, मेणचट दिसते. तीच उभी करून सूर्याच्या आड ठेवली की आतून पेटते. एका लादीत बुडबुड्यांच्या उभ्या माळा होत्या, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक बुडबुडा मोहरीएवढा. दुसरीत एक वाळलेलं पान अडकलं होतं, देठासकट, त्याच्या शिरा मोजता येत होत्या. मी तिला वळसा घालून सूर्य माझ्या पाठीशी घेतला, तर पान गायब! लादी नुसती पांढुरकी. पुन्हा पलीकडे गेलो, पान हजर. अर्धा तास मी त्या एका लादीभोवती फिरत होतो. बर्फ उजेडाच्या विरुद्ध बाजूने बघायचा, एवढं त्या सकाळी हातात बसलं.

हार्बिनला याची आणखी सोय आहे. हे शहर जवळजवळ ४६ अक्षांशावर असल्याने डिसेंबरअखेर भर दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर असतो. मुंबईत तो त्याच दिवशी ४७ अंशांच्या वर असतो. म्हणजे आपल्याकडे जो तिरपा उजेड सकाळी तासभर मिळतो, तो इथे दिवसभर. पण दिवस छोटा. जानेवारीच्या सुरुवातीला चारच्या आत सूर्य मावळतो.

जानेवारीत बर्फनगरीत गेलो ते हेच डोक्यात ठेवून. बहुतेक लोक संध्याकाळी सहा-सातला येतात. आकाश काळंकुट्ट झालेलं असतं आणि दिवे डोळ्यांत घुसतात. आम्ही दुपारी दीडला आत गेलो. तेव्हा भिंतींच्या आत दिव्यांच्या नळ्या दिसतात पण पेटलेल्या नसतात, आणि निव्वळ उन्हात बर्फाचा खरा रंग कळतो. जाड, स्वच्छ बर्फ निळसर असतो, कारण तांबडा उजेड तो आत शोषून घेतो. मग चार वाजता दिवे लागले. आकाश अजून गडद निळं, बर्फाच्या कडांवर शेवटचा उजेड आणि आतून मंद रंग. हे सगळं जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतं. माझे या हिवाळ्यातले ठेवण्यासारखे बारा-तेरा फोटो आहेत, त्यातले नऊ या वेळेतले आहेत.

पहिल्या दिवशी ती वीस मिनिटं माझ्या हातून गेली, तेही सांगतो. सव्वातीनला बोटं बधिर झाली म्हणून चहाच्या टपरीत शिरलो, कॅमेरा गळ्यात तसाच. आतली उबदार, दमट हवा लागताच लेन्स पाण्याने माखली. पुसून बाहेर आलो तर तेच पाणी काचेवर गोठलं. दिवे लागले तेव्हा माझ्याकडे दुधी काच होती. दुसऱ्या दिवशी कॅमेरा बाहेरच्या थंडीतच झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत बंद केला, मगच आत गेलो. बाष्प पिशवीवर जमतं, कॅमेरा कोरडा राहतो.

मूर्तिकारांबद्दल थोडं. आम्ही गेलो तेव्हा बर्फशिल्पांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू होती. एक जण घोड्याची आयाळ कोरत होता. मोठं काम करवतीने उरकलेलं, आता हातात रुंद पात्याची पटाशी. एकेक केस काढताना तो पटाशी दाबत नव्हता, नुसती फिरवत होता, आणि बर्फाच्या सालपटांचा किसलेल्या नारळासारखा ढीग पायाशी साचत होता. एक टोक तुटलं. त्याने तुटका तुकडा उचलला, जागेवर धरला, बाटलीतून थोडं पाणी सोडलं आणि तीस आकडे मोजेपर्यंत थांबला. जोड बसला. इथे गोंद म्हणजे पाणीच.

प्रश्न असतील तर विचारा. जमेल तसं लिहितो.

लेन्सवाला

वाखूसा (वाचनखूण साठवली)! पान अडकलेल्या लादीचा फोटो टाकाच. दोन शंका. एक, उणे २५ मध्ये बॅटरी किती टिकते? दोन, बर्फात कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर हमखास चकतं. मनालीला माझे सगळे फोटो राखाडी आले होते. तुम्ही काय केलंत?

पाणपोई

@लेन्सवाला, बॅटरी ८० टक्के दाखवत असताना कॅमेरा बंद पडतो. घाबरायचं नाही. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, चार्ज कुठे जात नाही. शर्टाच्या आतल्या खिशात अंगाला लावून पंधरा मिनिटं ठेवली की तीच बॅटरी पुन्हा चालते. मी चार नेल्या होत्या आणि आलटून पालटून वापरल्या. इथे कपड्यांवर चिकटवायच्या गरम पट्ट्या दुकानोदुकानी मिळतात. त्यातली एक बॅटऱ्यांच्या खिशात आणि एक फोनच्या पाठीवर.

मीटरचं म्हणाल तर ते समोरचं सगळं करडं धरून चालतं, म्हणून पांढरं करडं होतं. दिवसा मी पाऊण ते एक स्टॉप (उजेडाचं माप) वाढवलं. अंधार पडल्यावर उलट. दिवे जळून पांढरे डाग पडतात म्हणून पाऊण स्टॉप कमी. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर अजिबात ठेवू नका, संध्याकाळचा निळा तो मारून टाकतो. मी दिवसाच्या उजेडावर कायम ठेवला आणि फोटो रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढले.

हातमोजे दोन थरांचे. आतला पातळ, बटणं दाबता येतील असा. उघड्या हाताने धातूच्या ट्रायपॉडला हात लावू नका, कातडी चिकटते. मी त्याच्या पायांना सायकलच्या हँडलची फोमची नळी गुंडाळली होती. आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावताना श्वास रोखा, नाहीतर त्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो.

आजोळ

फार सुंदर लिहिलंयत. नारळाच्या किसासारखा बर्फ अगदी डोळ्यांसमोर आला. माझं वय ६३, यजमान ६८, दोघंही शुद्ध शाकाहारी. लेक बीजिंगला आहे आणि पुढच्या हिवाळ्यात या म्हणतेय. आम्हाला झेपेल का? घसरायची भीती वाटते. आणि खायचं काय?

पाणपोई

काकू, जरूर जा, पण दिवसाला एकच ठिकाण ठेवा. बीजिंगहून हार्बिनला वेगवान रेल्वे आहे, साधारण पाच तासांत पोचवते. विमानापेक्षा तीच बरी, सामान घेऊन धावपळ नाही. घसरण्याचं म्हणाल तर बुटांवर चढवायचे दातेरी रबरी पट्टे मिळतात, ते लेकीला आधीच मागवून ठेवायला सांगा. बर्फनगरीत सलग पाऊण तासापेक्षा जास्त बाहेर राहू नका, मध्ये मध्ये उबदार खोल्या आहेत. काकांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. ती कोरडी थंडी छातीत भरते.

खाण्याची काळजी करू नका. ‘दी सान श्येन’ मागा. वांगं, बटाटा आणि ढोबळी मिरची तळून लसणाच्या रश्शात घोळवलेली. इथला घरोघरचा पदार्थ आहे, भाताबरोबर अगदी आपली भाजी खाल्ल्यासारखं वाटतं. सॉस मात्र विचारून घ्या, काही ठिकाणी कालवांचा घालतात. फोनवर चिनीत ‘मांस, मासे, अंडं, ऑयस्टर सॉस नको’ असं लिहून ठेवा आणि दाखवा. गोठवलेली पेरं (नासपती) चुकवू नका. थंडीने काळी पडलेली असतात, बघून खावीशी वाटत नाहीत. गार पाण्यात ठेवली की वर बर्फाचं कवच येतं, ते फोडायचं आणि रस चोखायचा. रायवळ आंबा चोखतो ना, तसंच.

तुषारकण

लेख आवडला. मी जपानात असते, त्यामुळे सप्पोरोची बाजू मांडते. तिथला हिमोत्सव १९५० मध्ये शाळकरी मुलांनी ओदोरी बागेत केलेल्या सहा पुतळ्यांपासून सुरू झाला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतो, थंडी उणे पाच-सातच्या आसपास, बागेत प्रवेश फुकट. @आजोळ काकूंना कदाचित ते जास्त झेपेल.

पण मुख्य फरक फोटोचा आहे. ओदोरीतले मोठे पुतळे बर्फाचे नाहीत, हिमाचे आहेत. हिम अपारदर्शक. तिथे मागून उजेड घेतलात तर पुतळ्याचा नुसता काळा आकार मिळतो. तिथे हवा बाजूचा उजेड, म्हणजे कोरीव कामाच्या सावल्या पडतात. पारदर्शक बर्फाची शिल्पं सुसुकिनो भागात असतात. काहींच्या आत अख्खे मासे आणि खेकडे गोठवलेले असतात. तुमचं पान वाचून तेच आठवले. मराठीत दोन्हीला बर्फच म्हणतो म्हणून गल्लत होते.

पाणपोई

@तुषारकण, अगदी बरोबर, आणि हे मी लिहायला हवं होतं. हार्बिनमध्येही सन आयलंडवर हिमशिल्पं असतात, ती वेगळी जागा. तिथे आम्ही सकाळी नऊला गेलो होतो. ऊन डावीकडून येत होतं आणि एका म्हातारीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या अशा उठल्या होत्या की हात लावावासा वाटला. दुपारी परत त्याच पुतळ्यापाशी आलो, तर चेहरा सपाट.

सह्यवेडा

लेख उत्तम, पण एका गोष्टीवर असहमत. रंगीत दिव्यांना तुम्ही मांडवाची रोषणाई म्हणालात. तुम्हीच वर लिहिलंय की या सगळ्याची सुरुवात बादलीतल्या मेणबत्तीपासून झाली. म्हणजे बर्फाच्या पोटात दिवा ठेवणं हेच या कलेचं मूळ आहे. आता मेणबत्तीच्या जागी एलईडी आले, एवढंच. लांब अंधाऱ्या हिवाळ्यात राहणाऱ्या माणसांना रंग हवे असतील तर त्यात काय चुकलं? आपण दिवाळीत आकाशकंदील लावतो तेव्हा रंग मोजून लावतो का?

पाणपोई

@सह्यवेडा, दोन दिवस यावर विचार केला, मग लिहितोय. तुमचं म्हणणं पटलं. काल पुन्हा सगळे फोटो काढून बसलो. मला न आवडलेले फोटो रंगांमुळे बिघडलेले नाहीत. ज्या भिंतींवर बाहेरून झोत सोडले होते त्या सपाट दिसतायत. जिथे दिवा आत चिणलेला आहे तिथे गुलाबी असो की हिरवा, लादीचे सांधे, भेगा, बुडबुडे सगळं दिसतंय. आतला दिवा म्हणजे मागून येणारा उजेडच. नदीवर सूर्याने जे दाखवलं तेच बादलीतली मेणबत्ती दाखवत होती, आणि मी ते लिहूनही मला दिसलं नव्हतं. मांडवाचा शब्द मागे घेतो. पुढच्या वेळी झाओलिन पार्कमधल्या छोट्या कंदिलांसाठी एक पूर्ण संध्याकाळ ठेवणार. यंदा तिथे जेमतेम अर्धा तास दिला, तो कमी पडला.

इतिहासवेडी

नदीतला बर्फ कापून विकण्याचा आपल्याशीही संबंध आहे बरं का. १८३३ मध्ये बोस्टनहून निघालेलं जहाज तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ घेऊन कोलकात्याला पोचलं, चार महिने समुद्रावरून, भुशात गुंडाळून. पुढे मुंबई आणि मद्रासलाही बर्फघरं झाली. मद्रासचं आजही उभं आहे, विवेकानंद तिथे राहिले होते म्हणून आता त्यांच्या नावाने ओळखलं जातं. यंत्राने बर्फ व्हायला लागला आणि तो व्यापार संपला. पहारी घालून लाद्या सुट्या करणं वाचताना तेच डोळ्यांपुढे येत होतं.

पुणेरी_पाय

व्हिसाचं काय? भारतीयांना मिळतो का सध्या?

पाणपोई

@पुणेरी_पाय, भारतीयांना पर्यटक व्हिसा मिळतोय, आणि ऑक्टोबर २०२५ पासून थेट विमानंही सुरू झाली आहेत. पैशांसाठी फोनवर अलीपे टाकून त्याला आपलं कार्ड जोडा, टपरीवरसुद्धा तेच चालतं. आपलं व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या वायफायवर उघडत नाही, भारतातून रोमिंग घेऊन या.

दर्यावर्दी

नमस्कार. मी रत्नागिरीचा. बर्फ कारखान्यात बावीस वर्षं काम केलं. मिरकरवाड्याच्या होड्यांना लागतो तो बर्फ. तुमच्या नदीच्या लादीत पान दिसलं असं वाचलं आणि आश्चर्य वाटलं, कारण आमच्या लादीच्या मधोमध नेहमी पांढरा गाभा असतो. आम्ही पाण्याचे डबे खारट पाण्याच्या टाकीत सोडतो. ते खारं पाणी शून्याच्या खाली थंड केलेलं असतं. डबा चारही बाजूंनी आत गोठत येतो आणि पाण्यातली हवा, क्षार मध्ये ढकलले जातात. त्यांना बाहेर पडायला वाट नसते, म्हणून गाभा पांढरा. नदीचा बर्फ एवढा स्वच्छ कसा?

पाणपोई

@दर्यावर्दी दादा, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. नदी चारही बाजूंनी नाही, फक्त वरून खाली गोठते, तीही सावकाश. त्यामुळे हवा आणि क्षार खालच्या वाहत्या पाण्यात ढकलले जातात, कोंडले जात नाहीत. जिथे थंडी एकदम वाढते तिथे थोडी हवा अडकते, त्याच त्या बुडबुड्यांच्या माळा. तुमची पांढऱ्या गाभ्याची लादी मी कधी उजेडासमोर धरून पाहिलेली नाही. कशी दिसते?

दर्यावर्दी

मीही कधी पाहिली नव्हती. बावीस वर्षं लाद्या ढकलल्या, पण फोडायच्या घाईत. आज सकाळी मुद्दाम गेलो. साडेसातला सूर्य डोंगरावरून वर येतो आणि कारखान्याच्या मागच्या दारातून सरळ आत पडतो. पोराला एक लादी उभी धरायला लावली आणि मी तिच्यामागून नाही, पुढून बघितलं, सूर्य पलीकडे. कडा अगदी पाण्यासारख्या. मधला गाभा पांढरा नाही दिसला, पिवळसर सोनेरी, आणि त्यातून सुईसारख्या बारीक रेघा चारी बाजूंना गेलेल्या, कापूस पिंजल्यासारख्या. पोरगा म्हणाला, बाबा हात गोठले. मोबाईलवर तीन फोटो निघाले, तोपर्यंत होडीवाले आले आणि लादी क्रशरमध्ये गेली. तिन्ही फोटो खाली टाकतोय. दुसरा थोडा हललाय.

पाणपोई

दादा, दुसराच सगळ्यात चांगला आहे. त्यात मुलाची बोटं लादीतून दिसतायत.

लेन्सवाला

+१. दादा, फेब्रुवारीत मी गणपतीपुळ्याला येतोय. सकाळी साडेसातला कारखान्यावर आलो तर चालेल का? पोराऐवजी लादी मी धरतो.

दर्यावर्दी

या की. सातलाच या, होड्या लवकर येतात. आणि हातमोजे आणा, तुमच्या चीनवाल्यांचे दोन थरांचे.